दिंद्रुडहून इंजिनिअरिंगला: फी माफ, मग पैसा कुठे लागतो?

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात बारावी सायन्सच्या मुलीचे आईवडील 'इंजिनिअरिंग आपल्याला झेपायचं नाही' म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कॉलेजची फी असते. मुलीपुरती ही भीती आता सोडा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी प्रवर्गातल्या आणि 8 लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की सवलत गेली. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही ती मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्तांच्या योजना वेगळ्या आहेत. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं.

माफीत न बसणारा खर्च आधी धरा: विकास शुल्क, वह्या-पुस्तकं, लॅपटॉप आणि सगळ्यात जड म्हणजे राहणं-जेवण. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती निवड झालेल्या मुलीला वर्षाला 50,000 रुपये देते. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी तेवढ्याच रकमेची 'सक्षम' आहे. यातला जो लागू होईल, तो अर्ज जरूर भरा.

पण आपल्या भागातल्या पोरांची वाट पैशाआधी कागद अडवतात. जात पडताळणीला वडिलांचे, आजोबांचे शाळेचे निर्गम उतारे लागतात, पालकांचं शपथपत्र लागतं. नेमके तेव्हा आईवडील ऊसतोडीची उचल घेऊन साखर कारखान्यावर गेलेले असतात. फोनवरून हे काम होत नाही. म्हणून अकरावीतच, टोळी निघण्याआधी कॉलेजमार्फत बीडच्या जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. उत्पन्नाचा दाखला माजलगाव तहसीलमधून आणि नॉन क्रीमीलेअर दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून 1 एप्रिलनंतर काढा. नॉन क्रीमीलेअर दाखला प्रवेशानंतरच्या 31 मार्चपर्यंत चालणारा हवा. सेतू केंद्रात प्रत्येक दाखल्याची पावती मागा. शैक्षणिक दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला 500 रुपयांचा मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. विद्यार्थ्याचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल, तर महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे येत नाहीत.

या हंगामात ज्यांची मुलगी अकरावीत आहे, त्यांनी कोयता बांधण्याआधी जात पडताळणीचं शपथपत्र करून जावं.