जुनी स्पोर्ट्स कार आणि तरुण चालक : खरेदीआधी मांडायचा हिशेब

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आता दुकानात, कारखान्यात किंवा गॅरेजात वडिलांच्या बरोबरीने उभी राहू लागली आहेत. स्वतःच्या कमाईचे चार पैसे हाती येताच मुलाला गाडी हवी असते, आणि तीही साधी नव्हे, जोरात पळणारी. नवी स्पोर्ट्स कार परवडत नाही, म्हणून नजर जुन्या गाड्यांकडे वळते. बाजारात अशा गाड्या मूळ किमतीच्या निम्म्या-तिहाई भावात मिळतात. चाकणच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय किंवा स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ही त्यातली नेहमीची नावे. अशी खरेदी करावी की करू नये, हे प्रत्येकाने आपापल्या घरी ठरवावे. मात्र ती करण्याआधी कोणता हिशेब मांडावा, हे या पाठात पाहू.

ब्रिटनमध्ये मोटारींची विम्यासाठी गटवारी केलेली असते. जोरदार गाडी वरच्या गटात जाते, आणि चालक एकोणीस-वीस वर्षांचा असला तर प्रीमियम इतका चढतो की पुष्कळदा मुलगा आपणहून तो नाद सोडतो. म्हणजे तेथे ‘ही गाडी तुला झेपणारी नाही’ हे विमा कंपनीच सांगते. आपल्याकडे सक्तीच्या विम्याचा दर चालकाचे वय पाहून ठरत नाही. वीस वर्षांच्या मुलाला आणि पन्नास वर्षांच्या माणसाला तो सारखाच पडतो. त्यामुळे जे काम तेथे विमा कंपनी करते, ते येथे घरातल्या वडीलधाऱ्यांना करावे लागते.

गाडीची किंमत आणि गाडीचा खर्च

जुनी गाडी स्वस्त होते, तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. वीस लाखांची गाडी दहा वर्षांनी पाच लाखांत मिळाली, तरी तिचा क्लच, टर्बो, हेडलाइट आणि सस्पेन्शन वीस लाखांच्या गाडीचेच असते. पोलो जीटी टीएसआयच्या १.२ लिटर मॉडेलमध्ये सात गिअरचा दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. असा गिअरबॉक्स बिघडला तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या हातचे ते काम नाही.

एक नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. गाडी ५,००,००० रुपयांची. टायर, ब्रेक, ऑइल, बेल्ट असे पहिले काम ६०,०००. विमा २५,०००. नाव बदलणे व इतर कागदपत्रे १०,०००. अचानक निघणाऱ्या मोठ्या कामासाठी बाजूला ठेवलेले ७५,०००. एकूण ६,७०,००० झाले. म्हणजेच ज्याच्या हाती पाच लाखच आहेत, त्याने सव्वातीन लाखांच्या आसपासची गाडी पाहावी. सगळी पुंजी किमतीत घालून मोकळा झालेला माणूस पहिल्याच मोठ्या दुरुस्तीला गल्ल्यात हात घालतो आणि मालाचे पैसे गाडीत जातात.

कर्ज काढायचे झाल्यास व्याजाचा दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर आहे, हे विचारावे. चार लाखांवर तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे १,२०,००० रुपये व्याज आणि दरमहा सुमारे १४,४४४ रुपये हप्ता. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर जवळपास १८ टक्के पडतो. ज्यांचा व्याजाचा व्यवहार न करण्याचा कटाक्ष आहे, त्यांनी दोन वर्षे पैसे साठवावेत. जुन्या गाडीचा भाव तोवर आणखी उतरतो, त्यामुळे थांबणाऱ्याचे नुकसान नाही.

कागद आधी, इंजिन नंतर

गाडी पाहायला जाताना मेकॅनिक बरोबर न्यावाच, पण बोनेट उघडण्यापूर्वी आरसी बुक उघडावे. विकणाऱ्याचे नाव त्यावर आहे का? बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा नोंदलेला आहे का? असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. दंडाची थकलेली ई-चलने परिवहन खात्याच्या ॲपवर पाहता येतात. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावेत.

परराज्यातील स्वस्त गाडीबाबत विशेष सावध राहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिला दुजोरा दिला. तेव्हापासून तेथील गाड्या पडत्या भावात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी कायम महाराष्ट्रात ठेवायची तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र, येथील कर आणि नवीन नोंदणी या तिन्हींचा खर्च किमतीत धरावा. पुरात बुडालेल्या गाड्यांचेही तसेच. २६ जुलै २००५ नंतर मुंबईच्या आणि डिसेंबर २०१५ नंतर चेन्नईच्या बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरदूरच्या बाजारांत विकल्या गेल्या. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या टोकाशी चिखलाचा डाग आहे का, हे पाहणे ही सोपी परीक्षा.

विम्याचे दोन भाग

मोटार विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान. तो कायद्याने सक्तीचा आहे. त्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचे नुकसान व चोरी. तो ऐच्छिक आहे.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो, ताकदीवर नव्हे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये वार्षिक दर आहे. त्यावर जीएसटी वेगळा. ११९७ सीसीची टर्बो पोलो मधल्या गटात बसते, तर दोन लिटरची ऑक्टाव्हिया वरच्या गटात. खरेदीच्या दिवशीचा ताजा दर एजंटकडून लेखी घ्यावा.

ओन डॅमेजचा प्रीमियम आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या विमा किमतीवर ठरतो. पाच वर्षांपर्यंत आयडीव्ही ठरावीक घसाऱ्याने कमी होते. पुढे ती कंपनी आणि गाडीमालक यांनी संमतीने ठरवायची असते. प्रीमियम वाचवण्यासाठी आयडीव्ही फार खाली आणू नये. गाडी चोरीस गेली तर त्याच आकड्यावर पैसे मिळतात.

‘नो क्लेम बोनस’ हा मालकाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा म्हणाला की, ‘पॉलिसीवर ५० टक्के बोनस आहे, तुम्हाला तोच मिळेल,’ तर ते खरे नव्हे. पॉलिसी आपल्या नावावर करताना कंपनी त्या सवलतीचा फरक वसूल करते. मुलाची ही पहिलीच गाडी असेल तर त्याचा बोनस शून्यापासून सुरू होतो. खोटा बोनस सांगून पॉलिसी घेतल्यास क्लेमच्या वेळी ते उघडकीस येते.

चौदा दिवस

या पाठात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. गाडी विकली गेली की थर्ड पार्टीचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेजचा विमा तसा आपोआप जात नाही. खरेदीपासून चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. तेवढ्यात गाडी आपटली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. जुन्या मालकाने गाडी विकली, म्हणून त्याचे नुकसान नाही, आणि नव्याशी कंपनीचा करार नाही.

विकणाऱ्यासाठीही येथे धडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील निकालात म्हटले की, गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघातभरपाईसाठी मालक मानला जाईल. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सही देऊन स्वस्थ बसू नये. नाव बदलल्याची खात्री करून घ्यावी. गाड्यांच्या दलालीत असलेल्या आमच्या बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

क्लेम मिळतो, पण किती?

समजा आठ वर्षांच्या गाडीला धडक बसली. बंपर आणि हेडलाइट मिळून प्लॅस्टिकचे भाग ६०,००० रुपयांचे आणि पत्र्याचे भाग ४०,००० रुपयांचे बदलावे लागले. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक व रबरावर ५० टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे ३०,००० आणि २४,००० मिळून ५४,००० रुपये. त्यातून सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये. लाखाच्या सामानात ४६,००० हून अधिक रक्कम आपल्याच खिशातून गेली. घसारा न कापणारी पॉलिसी मिळते, पण जुन्या गाडीला ती द्यायला कंपन्या सहसा तयार नसतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण बाद धरली जाते. महागड्या सुट्या भागांच्या जुन्या गाडीत ती वेळ लवकर येते.

पॉलिसीत काय बसत नाही

खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. शर्यत, वेगाची चाचणी, भाड्याने प्रवासी नेणे आणि नमुन्यांखेरीज व्यापारी माल वाहणे त्यात बसत नाही. मोटारींच्या धंद्यासाठी केलेला वापरही बसत नाही. तेव्हा रात्री मोकळ्या रस्त्यावर मित्राशी लावलेली शर्यत असो की मागच्या सीटवर रचलेले कपड्यांचे गठ्ठे, दोन्ही क्लेमला घातक आहेत. सायलेन्सर बदलणे, इंजिनाचा संगणक ‘ट्यून’ करून ताकद वाढवणे, सीएनजी किट बसवणे, हेही कंपनीपासून लपवू नये.

गाडी कोणाच्या नावावर?

बहुतेक घरांत गाडी वडिलांच्या नावावर घेतात आणि मुलगा चालवतो. यात एक छिद्र आहे. मालक-चालकाचा सक्तीचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा हा लायसन्स असलेल्या नोंदणीकृत मालकाचा असतो. मुलगा चालवताना त्याच्याच चुकीने जखमी झाला किंवा दगावला, तर तो ‘मालक’ नाही आणि ‘तिऱ्हाईत’ही नाही. मालकाकडून गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे. म्हणून एक तर गाडी सज्ञान मुलाच्या नावावर घ्यावी, नाही तर त्याच्यासाठी वेगळी व्यक्तिगत अपघात पॉलिसी काढावी. तिचा खर्च गाडीच्या एका टायरहूनही सहसा कमी असतो.

मुलगा अठरा वर्षांचा झालेला नसेल, तर किल्ली त्याच्या हाती देऊच नये. १ सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांनाही अटक झाली.

आणि खरा धोका येथेच आहे. अपघातात माणूस दगावला तर भरपाईची रक्कम त्याचे वय आणि कमाई पाहून ठरते. कमावत्या तरुणाच्या बाबतीत ती लाखांत, कधी कोटीच्या घरातही जाते. विमा चालू असेल आणि चालकाकडे वैध लायसन्स असेल तर ती रक्कम कंपनी भरते. विमा संपलेला असेल तर सारा बोजा मालकावर पडतो. लायसन्स नसेल तर न्यायाधिकरणाने अनेक प्रकरणांत कंपनीला पैसे भरायला लावून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली आहे. मग मालकाचे दुकान, यंत्रे, घर यांवर जप्ती येऊ शकते. वडिलांनी तीस वर्षांत उभा केलेला धंदा अशा एका संध्याकाळी जाऊ शकतो.

खरेदीआधीचे सात प्रश्न

१. किंमत देऊन हातात दुरुस्तीचे पैसे उरतात का?
२. आरसीवर बोजा किंवा थकलेली चलने आहेत का?
३. गाडी याच राज्यातली आहे का? नसल्यास कर किती?
४. सीसी किती आणि थर्ड पार्टीचा दर किती?
५. आयडीव्ही किती आणि क्लेममध्ये घसारा किती कापणार?
६. चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करण्याचे काम कोण करणार?
७. चालवणाऱ्याचे लायसन्स वैध आहे का आणि त्याचा स्वतःचा अपघात विमा आहे का?

सातही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून बाप-लेकांनी एकत्र बसून वाचावीत. एखादे उत्तर अडले तर बयाणा देऊ नये. बाजारात गाड्या रोज येतात. आज गेलेली गाडी उद्या दुसऱ्या रंगात मिळेल, पण धंद्यातून गेलेले भांडवल परत उभे करायला वर्षे लागतात.