चुकलेला ठोका आणि सुधारलेली पट्टी

गेल्या महिन्यातली गोष्ट. गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी टेबलावर एक जाडसर अहवाल ठेवला. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. मुलगा पुण्याला असतो. त्याने तिकडे नेऊन होल्टर तपासणी करून घेतली होती. होल्टर म्हणजे अंगावर बाळगायचे एक छोटे यंत्र; ते चोवीस तास हृदयाचा आलेख नोंदवत राहते. अहवालातला एक आकडा लाल पेनाने अधोरेखित केलेला होता. चोवीस तासांत जादा ठोके ८००.

"डॉक्टरसाहेब, दिवसाला आठशे ठोके चुकतात आणि त्यावर तुमच्याकडे एकही गोळी नाही?"

"गोळी आहे, गुरुजी," मी म्हणालो, "पण ती तुम्हाला द्यायची नाही."

त्यांना ते पटले नाही, हे चेहऱ्यावरून दिसत होते. सारी हयात मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या माणसाला, दिसलेली चूक तशीच ठेवा म्हटले तर कसे पटावे? बाहेर रुग्णांची गर्दी होती, सविस्तर बोलता आले नाही. असा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून ते बोलणे आज या सदरात करतो.

प्रथम ठोका चुकतो म्हणजे काय ते पाहू. आपल्या हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो, आधी वरच्या आणि मग खालच्या कप्प्यांत पसरतो, आणि स्नायू आकुंचन पावतात. दिवसभरात असे सुमारे एक लाख ठोके पडतात. कधी कधी खालच्या कप्प्यातली एखादी जागा आपली पाळी येण्याआधीच स्वतःचा संदेश सोडते. हा झाला जादा ठोका. तो वेळेआधी पडल्यामुळे हृदय पुरते भरलेले नसते, म्हणून नाडीला तो जाणवतही नाही. त्यानंतर थोडी उसंत मिळते, हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका जोराने पडतो. छातीत "धस्स" होते ते या पुढच्या, अगदी सरळ ठोक्यामुळे! लाखात आठशे म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. धडधाकट माणसांतही असे ठोके पुष्कळदा सापडतात.

मात्र झटका येऊन गेलेल्या रुग्णाचा प्रश्न वेगळा असतो. अशा रुग्णांत ज्यांचे जादा ठोके अधिक, त्यांच्यात अकस्मात मृत्यूही अधिक, हे १९७० ते १९८० च्या दशकांतील पाहण्यांत दिसून आले होते. अकस्मात मृत्यू बहुधा खालच्या कप्प्यांची लय पूर्ण बिघडल्यामुळे येतो. मग तर्क असा चालला : जादा ठोका ही ठिणगी, अकस्मात मृत्यू हा भडका, ठिणगी विझवली की भडका टळेल. हा तर्क मलाही पटला होता. शिकाऊ डॉक्टर असताना रात्रपाळीला आम्ही झटक्याच्या रुग्णांना सलाईनमधून लिग्नोकेन देत असू. पडद्यावरचे वेडेवाकडे ठोके एकेक करून नाहीसे होत आणि रेघ सरळ, सुबक चालू लागे. पहाटे चार वाजता ती रेघ पाहून, आपण एक जीव वाचवला, असे समाधान वाटे. (पुढे अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा, सरसकट दिलेल्या लिग्नोकेनने मृत्यू कमी होत नाहीत असे आढळले आणि ती प्रथा मागे पडली.)

त्या काळी अमेरिकेत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड नावाच्या गोळ्या बाजारात आल्या होत्या. जादा ठोके दाबण्यात त्या फार तरबेज. पण ठोके दाबल्याने माणूस जगतो का, हे कोणी मोजले नव्हते. ते मोजण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने १९८७ साली 'कास्ट' नावाचा प्रयोग सुरू केला. झटका येऊन गेलेला आणि तासाला सहा किंवा अधिक जादा ठोके पडणारा रुग्ण त्यात घेतला जाई. आमच्या गुरुजींना तासाला तेहतीस पडतात. हृदयाची मोठी तक्रार नसलेले त्यांच्यासारखे लोकच या प्रयोगात होते.

प्रयोगाची रीत नीट समजून घ्यावी, कारण सगळी किंमत तिथेच आहे. आधी प्रत्येकाला औषध देऊन पाहिले. ज्यांचे ठोके औषधाने खरोखर दबले, तेवढेच पुढे घेतले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला खरे औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती मिळते हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. यावर काही डॉक्टरांनी नाकेही मुरडली. ठोके दाबणारे औषध हाताशी असताना अर्ध्या लोकांना नुसती गोळी देणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच म्हटले असते.

एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांचा प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. तपशीलवार आकडे १९९१ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणारे ७५५ होते, त्यांतले ६३ दगावले. नुसती गोळी घेणारे ७४३, त्यांतले २६. सरासरी अवघ्या दहा महिन्यांत! लय बिघडून झालेले मृत्यू वेगळे मोजले तर औषधाच्या गटात ४३ आणि दुसऱ्या गटात १६. ज्या मृत्यूपासून वाचवायचे, तोच मृत्यू औषधाने वाढवला होता. वाचकहो, हे सगळे रुग्ण असे होते की ज्यांच्या कागदाच्या पट्टीवर औषधाने उत्तम काम केले होते. एन्केनाइड पुढे अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले. मोरिसिझिन नावाचे तिसरे औषध काही काळ तपासले गेले, पण १९९१ मध्ये तोही प्रयोग आवरता घ्यावा लागला.

असे का व्हावे? माझ्या समजुतीप्रमाणे वणव्याचे उदाहरण घेऊ. डोंगराच्या कडेने वणवा पुढे सरकतो. मागे जळून गेलेली काळी जमीन असते, म्हणून तो मागे फिरत नाही आणि शेवटी विझतो. हृदयातला संदेशही असाच जातो. मागचा स्नायू क्षणभर थकलेला असतो, तिथे तो पुन्हा पेटू शकत नाही. पण वणवा इतका मंद चालला की डोंगराला वळसा घालून येईपर्यंत मागचे गवत पुन्हा उगवले, तर? आग प्रदक्षिणा घालतच राहील. ही औषधे संदेशाची गती मंद करतात. निरोगी हृदयात त्याने सहसा बिघडत नाही. म्हणूनच फ्लेकेनाइड आजही, हृदयाची रचना चांगली असलेल्या काही रुग्णांना, वरच्या कप्प्यांच्या लयदोषासाठी तज्ज्ञ देतात. पण झटक्याने व्रण पडलेल्या हृदयात वळसा घालायला वाट तयारच असते. ठिणग्या कमी झाल्या, पण उरलेल्या एखाद्या ठिणगीने लागलेली आग विझेना.

याच जातीची एक गोष्ट इंग्लंडात आधी घडली होती. १९८० च्या सुमारास नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी लॉर्केनाइड नावाचे औषध सुमारे शंभर रुग्णांवर तपासले. औषधाच्या गटात नऊ मृत्यू, दुसऱ्या गटात एक. त्यांना वाटले हा योगायोग असावा. औषध बाजारात आले नाही आणि निबंधही प्रसिद्ध झाला नाही. तो छापला गेला १९९३ साली, तेव्हा त्यांनी आपणहून कबूल केले की हे आकडे वेळेवर बाहेर आले असते तर पुढच्यांना इशारा मिळाला असता. चुका कबूल करणारे असे निबंध फार थोडे, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

मग झटक्यानंतर उपयोग कशाचा होतो? इथेही उत्तर मोजूनच मिळाले. प्रोप्रॅनोलॉल हे 'बीटा ब्लॉकर' जातीचे औषध १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३८३७ रुग्णांच्या अमेरिकन प्रयोगात तपासले गेले. नुसत्या गोळीच्या गटात शंभरी ९.८ मृत्यू झाले, औषधाच्या गटात ७.२. आता झटक्यानंतर बंद नाडी लवकर उघडली जाते, तेव्हा ज्यांच्या हृदयाचा पंप चांगला राहिला त्यांना या गोळीची गरज आहे का, हा प्रश्न नव्याने विचारला जात आहे. २०२४ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने सुमारे पाच हजार रुग्णांवर झालेल्या प्रयोगात अशांना फायदा दिसला नाही. नंतरच्या प्रयोगांत मतभेद आहेत. पण हे वाचून चालू गोळी मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्याने त्रास उलटू शकतो. ज्यांचा पंप फार दुबळा झाला आहे, त्यांतल्या काहींना छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या यंत्राने जीवदान मिळते, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. ते यंत्र ठिणगी विझवत बसत नाही, भडका उडाला की झटका देऊन लय ताळ्यावर आणते.

आपल्या भागासाठी आणखी एक प्रयोग सांगितलाच पाहिजे. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेले रुग्ण आपल्याकडे अजून आहेत, विशेषतः स्त्रिया. त्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे नुसतेच थरथरू लागतात, तिथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेली की अर्धांग होते. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल ही जुनी गोळी देतात. तिला वारंवार आय. एन. आर. ही रक्ततपासणी लागते, त्यासाठी तालुक्याला हेलपाटे. नवी रिव्हारोक्सॅबॅन गोळी घेतली की ही कटकट संपते, मग तीच का नको? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' प्रयोगात २४ देशांतील साडेचार हजार रुग्ण होते, त्यांत भारतातलेही होते. निकाल उलटा लागला. जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जास्त झाला नाही. म्हणून अशा झडपेच्या रुग्णाने शेजाऱ्याची नवी गोळी पाहून आपली जुनी बदलू नये. शेजाऱ्याची लय तशीच बिघडलेली असेल, पण त्याची झडप आकसलेली नसेल, तर त्याला नवी गोळी योग्यच आहे.

ठोका चुकल्यासारखा वाटला तर एवढे पाहावे. शुद्ध हरपली, चक्कर येऊन पडलात, चालताना धडधड होऊन दम लागला, छातीत दुखले, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर दिवस घालवू नका, ई.सी.जी. आणि टू-डी एको करून घ्या. यातले काही नसेल तरी एकदा दाखवून घ्यावे आणि मग चहा, तंबाखू, मशेरी, दारू, जागरण यांचा हिशेब मांडावा. थायरॉइड, रक्त कमी असणे, जुलाबांमुळे किंवा लघवीच्या गोळ्यांमुळे पोटॅशियम उतरणे, हीही कारणे असतात आणि ती दुरुस्त करता येतात.

गुरुजींचा एको झाला. पंप जवळजवळ पूर्ण चांगला आहे. दिवसाला नऊ कप चहा होता, तो तीनवर आला आहे, आणि सकाळचे फिरणे सुरू आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "धस्स होते अजून, पण आता मी घाबरत नाही." होल्टर पुन्हा करायचा का, असे त्यांनी विचारले. सध्या नको, असे मी सांगितले.

पुढील आठवड्यात पेसमेकर बसवलेल्या रुग्णांनी घ्यावयाच्या काळजीविषयी.