घटसर्प आणि प्रौढांची प्रतिकारशक्ती

घटसर्प म्हणजे बालरोग, ही आपली रूढ समजूत आता तपासून पाहणे अगत्याचे आहे. सुश्रुतांनी कंठगत रोगांत रोहिणीचे पाच प्रकार वर्णिले असून, चरकांनी या व्याधीत रुग्णाच्या आयुष्याची मर्यादा तीन रात्रींची सांगितली आहे. आधुनिक शास्त्रही कालाचेच महत्त्व सांगते. जंतूचे विष हृदय व मज्जातंतूंच्या पेशींत शिरल्यावर प्रतिविषाचा उपयोग होत नाही.

लस या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती देते. परंतु ती कालांतराने क्षीण होते. पूर्वी जंतूंशी वारंवार संपर्क येऊन ती आपोआप दृढ होई. लसीकरणामुळे जंतूंचा संचार घटला आणि हे नैसर्गिक दृढीकरणही थांबले. शिवाय सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांना बालपणी लस मिळालीच नाही. समाजात सुमारे ८० ते ८५ टक्के व्यक्ती संरक्षित असल्यास साथ पसरत नाही, असे मानले जाते. १९९० नंतर पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशात दीड लाखांहून अधिक लोकांना घटसर्प झाला; त्यांत प्रौढांचे प्रमाण मोठे होते. केरळातील मलप्पुरम येथे २०१६ साली आढळलेले बहुसंख्य रुग्णही दहा वर्षांवरील होते.

चंदगड तालुका कर्नाटकाच्या सीमेवर व गोव्याच्या जवळ आहे. कामधंद्यासाठी येथील माणसांची ये-जा सतत चालते. त्यामुळे शेजारची साथ आपल्या दारी येण्यास वेळ लागणार नाही.

अशा वेळी आपण काय करावे? कोयता लागून आलेल्या रुग्णास केवळ धनुर्वाताची लस न सुचविता धनुर्वात व घटसर्प या दोहोंची ‘टीडी’ लस सुचवावी. राष्ट्रीय कार्यक्रमातही तिने ‘टीटी’ची जागा घेतली असून ती १० व्या व १६ व्या वर्षी आणि गर्भवतींना दिली जाते. प्रौढांनी दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी. पूर्वी लस न घेतलेल्यांनी तीन मात्रा पूर्ण कराव्यात : दुसरी चार आठवड्यांनी, तिसरी त्यानंतर किमान सहा महिन्यांनी. औषधविक्रेत्यांनी ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी. गोठलेली लस निरुपयोगी समजावी.

घशात घट्ट चिकटलेला करडा पापुद्रा दिसल्यास तो खरवडू नये. गंडूष, काढा यांत वेळ न दवडता, प्रतिविष उपलब्ध असेल अशा रुग्णालयात रुग्णास तत्काळ पाठवावे व आरोग्य खात्यास कळवावे. चरकांच्या तीन रात्रींपैकी एकही आपल्या हातून वाया जाऊ नये.