आकडा पाकिटावर, फट कानाशी

खाणीवर नोकरी केलेल्या माणसाला कान सांभाळायला कुणी शिकवायला नको, असं आम्हा डिचोलीकरांना वाटत असतं. क्रशर, ड्रिल, कंप्रेसर, डंपर यांच्या गदारोळात वर्षानुवर्षं काढलेली. 85 डेसिबलला इशारा, 90 ला धोका, 115 च्या पुढे उघड्या कानांनी पाऊल टाकायचं नाही, हे खाण सुरक्षा महासंचालनालयाचे आकडे तोंडपाठ. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मधे थोड्या हलल्या आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा थंडावल्या. हाताला काम नव्हतं, तेव्हा एका मित्राच्या नादानं नेमबाजी सुरू केली. रेंजवर पहिल्यांदा गेलो तेव्हा नवशिक्यांत कानांबद्दल सर्वांत जाणता मीच होतो. नेमकं तेच नडलं.

खाणीतला आवाज दिवसभर चालणारा. तिथला हिशेब सरासरीचा असतो, आठ तासांत कानांवर एकूण किती आदळलं याचा. बंदुकीच्या बाराला सरासरी लावून चालत नाही. तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागात होऊन जातो. मोठा आवाज आला की कानातला एक बारीक स्नायू आतली हाडं ताणून धरतो आणि आवाजाचा जोर थोडा कमी करतो. पण त्याला जागं व्हायलाच सेकंदाचे दोन-तीन शतांश तरी लागतात. तोवर बार आत जाऊन आपलं काम उरकून गेलेला असतो. म्हणून अशा आवाजासाठी 140 डेसिबल ही वरची रेघ मानतात. तिच्या पुढे उघड्या कानाला एक बारसुद्धा पुरतो. आता रेंजवरचे आकडे बघा. 0.22 ची लांब नळीची रायफल 140 च्या आसपास. तेच काडतूस आखूड नळीच्या पिस्तुलात घातलं की आवाज बराच वर चढतो, कारण नळीचं तोंड कानाच्या जवळ येतं. 12 बोरची बंदूक साधारण 150 ते 165. डेसिबलमध्ये 3 वाढले की ऊर्जा दुप्पट होते आणि 10 वाढले की दहापट, म्हणजे 140 आणि 160 यांत फरक वीसचा नव्हे, शंभरपटीचा.

माझ्या कानांवर इअरमफ होते. दुकानात सगळ्यांत मोठा आकडा असलेले मागून घेतलेले. छत पत्र्याचं, बाजूला सिमेंटची भिंत, पलीकडच्या लेनमध्ये कुणीतरी 0.32 चं पिस्तूल चालवत होतं. सराव संपला तेव्हा डाव्या कानाला दडा बसला होता आणि आत रातकिड्यांसारखी किरकिर सुरू होती. सकाळपर्यंत जाईल म्हणून झोपलो. दडा गेला, किरकिर राहिली. पुढे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढला तेव्हा डाव्या कानाची रेघ 3000 हर्ट्झपर्यंत बरी चालत आलेली, 4000 ला 45 डेसिबलपर्यंत खड्ड्यात गेलेली आणि 8000 ला पुन्हा वर आलेली. खाणीवरच्या सहकाऱ्यांच्या कागदांवर आवाजानं पडलेला हा खड्डा मी पाहिला होता, त्यामुळे डॉक्टरांनी बोट ठेवायच्या आधीच ओळखला. उजवा कान मात्र वयाच्या मानानं ठीक होता.

महागडे मफ घालूनही हे का व्हावं? उत्तर माझ्या चष्म्यात होतं. मफची गादी कानाभोवती सगळीकडून टेकली तरच तो काम करतो. चष्म्याची दांडी कानावरून जाते तिथे गादी उचलली जाते आणि एक बारीक फट राहते. तेवढ्यानं चार-पाच डेसिबल सहज जातात, दांडी जाड असेल तर जास्त. पाच डेसिबल म्हणजे आत शिरणारी ऊर्जा तिप्पट. पेडण्याकडच्या खाजन शेतीत वाढलेल्यांना हे वेगळं समजावायला नको: बांध कितीही उंच घाला, खेकड्यानं पाडलेल्या एका भोकातून खारं पाणी शेतात यायचं ते येतंच. टोपीची कड, कानावर आलेले केस, भिकबाळी, कुड्या यांचंही तेच. गोव्याच्या घामानं गाद्या दोन-तीन वर्षांत कडक होतात, त्यांना चिरा पडतात. मफ दिसायला नवे दिसतात, पण गाद्या गेलेल्या असतात. चांगल्या कंपन्यांच्या गाद्या वेगळ्या मिळतात. मफ घेतानाच ते विचारून घ्या.

आता पाकिटावरच्या आकड्याबद्दल, म्हणजे साधन किती डेसिबल अडवतं त्याबद्दल, थोडं. अमेरिकी मालावर एनआरआर असतो, युरोपीय मालावर एसएनआर. दोन्ही मापायची रीत वेगळी, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नका. एकाच साधनाचा एसएनआर एनआरआरपेक्षा सहसा मोठा दिसतो. आपल्याकडे कानरक्षकांसाठी आयएस 9167 हे मानक आहे. ज्या पाकिटावर यातलं काहीच नाही, नुसतं ‘नॉइज प्रूफ’ लिहिलंय, ते ठेवून द्या. आकडा असला तरी तो प्रयोगशाळेतला असतो, तिथे साधन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बसवतात. म्हणून अमेरिकेतली नायोश ही संस्था एनआरआरला कात्री लावायला सांगते: मफचा पाव भाग वजा, कानात घालायच्या फोमच्या प्लगचा निम्मा, बाकीच्या प्लगचा तब्बल सत्तर टक्के. 30 एनआरआरचा मफ प्रत्यक्षात बावीस-तेवीसचा, 30 चा फोम प्लग पंधराचा धरायचा. बंदुकीच्या बाराला हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, पण खरेदी करताना भ्रम तरी राहत नाही.

साधन कानात नीट न बसल्यामुळे झालेल्या एका प्रकरणाला तर जगभर वाचा फुटली. अमेरिकी सैनिकांना दिलेल्या ‘कॉम्बॅट आर्म्स’ नावाच्या प्लगवरून लाखो दावे उभे राहिले. दांडा आखूड असल्यानं काही कानांत प्लग नकळत सैल व्हायचा, असा त्यांचा आरोप होता. थ्री एम कंपनीनं दोष मान्य केला नाही, पण ऑगस्ट 2023 मध्ये सुमारे 6 अब्ज डॉलरची तडजोड केली. ‘नकळत’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. प्लग गळून पडला असता तर सैनिकाला कळलं असतं.

तुमचा प्लग किंवा मफ नीट बसलाय का, हे बघायला यंत्र लागत नाही. मफ घातल्यावर दोन्ही तळहातांनी वाट्या डोक्याकडे दाबा. बाहेरचा आवाज त्यामुळे आणखी ठळक कमी झाला, तर फट आहे. प्लग घातले असतील तर तळवे कानांवर घट्ट झाका. आवाजात फारसा फरक पडता कामा नये. फरक पडला, तर प्लग आत गेलेलाच नाही.

आणि तो बहुतेकांचा आत गेलेला नसतो. रेंजवर बघा, निम्म्या लोकांच्या कानांतून प्लग पिवळ्या बुचासारखे बाहेर डोकावत असतात. फोमचा प्लग नुसता ढकलायचा नसतो. स्वच्छ, कोरड्या बोटांत तो हळूहळू वळत जायचं, सुरकुती न पडता वातीसारखा बारीक होईपर्यंत. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची. कानाची नळी वाकडी असते, ती त्यामुळे सरळ होते. प्लग पटकन आत सरकवायचा आणि बोट ठेवून वीस-तीस सेकंद थांबायचं, तो फुगेपर्यंत. समोरून आरशात पाहिलं तर तो दिसता कामा नये किंवा जेमतेम दिसावा. आपलाच आवाज डब्यातून आल्यासारखा घुमू लागला की बसला समजा. पावसाळ्यात आपल्याकडे कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही, तेव्हा घामट खिशात पडलेला, मळका प्लग पुन्हा कानात नको. फोमचे प्लग चहाच्या पैशांत मिळतात, वापरून टाकून द्या. कान वाहत असेल किंवा मळानं भरला असेल, तर आधी डॉक्टर, मग प्लग.

दारूगोळ्याच्या प्रत्येक बाराला मी आता दोन्ही वापरतो, आत फोमचा प्लग आणि वर मफ. दोन आकड्यांची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात साधारण पाच मिळवायचे, इतकंच. पण खरा फायदा बेरजेचा नाही. चष्म्यानं मफ उचलला तरी आत प्लग पहाऱ्याला असतो आणि प्लग सैल झाला तर वर मफ. रायफल आणि बंदूकवाल्यांना तर याची जास्त गरज. गाल दस्त्याला लावला की दस्ता मफच्या खालच्या कडेला धक्का देतो आणि नेमक्या घोडा ओढायच्या क्षणी वाटी उचलली जाते. यासाठी खालची कड निमुळती असलेले, बसक्या वाटीचे मफ मिळतात. जाड वाटीचे मफ पिस्तुलाला ठीक.

इलेक्ट्रॉनिक मफची हल्ली हौस फार. त्यातला माइक बोलणं मोठं करून ऐकवतो आणि मोठा आवाज आला की तो मार्ग बंद करतो. रेंज अधिकाऱ्याचा ‘स्टॉप’ ऐकू येतो, त्यामुळे कुणी बोलायला मफ उचलत नाही, आणि हा फायदा लहान नाही. पण बार अडवते ती वाटी आणि गादी, यंत्र नव्हे. गादी पातळ असेल तर सर्किट कितीही भारी असो, उपयोग शून्य. शिवाय आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांखालील स्पर्धांत नेमबाजाला आवाज ग्रहण करणारं साधन चालत नाही. स्पर्धेत उतरायचं असेल, तर सरावातही साध्या मफची आणि प्लगची सवय ठेवलेली बरी.

माझे मामा पेडण्याचे. काजूची बागायत, तिच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बंदूक. परवानगीशिवाय जनावर मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा, म्हणून माकडांना हाकलायला हवेत बार काढायचे, तेही उघड्या कानांनी. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, तेवढीच कानांना सुट्टी. माझा ऑडिओग्राम त्यांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, “आमच्या वेळेला असले कागद नव्हते बाबा.” मग त्यांनाही नेलं. त्यांचाही डावा कान जास्त गेलेला. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. मामांना स्कूटर ऐकू येते, मंदिराची घंटा ऐकू येते, त्यामुळे आपला कान शाबूत आहे अशी त्यांची खात्री. पण काजूवाला ‘सात’ म्हणाला की यांना ‘आठ’ ऐकू येतं. स, श, त, थ, फ ही अक्षरं वरच्या पट्टीतली, तीच आधी गळतात. नात बोलते ते कळत नाही आणि मग ‘पोर तोंडातल्या तोंडात बोलते’ असा ठपका पोरीवर. आतल्या कानात ऐकण्याचं काम करणाऱ्या केसपेशी जन्मतः जेमतेम पंधरा-सोळा हजार, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

मुलांना नेमबाजीला घालणाऱ्या आईवडिलांसाठी थोडं वेगळं. 10 मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल कानाच्या बाबतीत सौम्य. तिथे प्लग घालतात ते बहुतेक लक्ष लागावं म्हणून. पण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, आणि ती रायफल 0.22 ची. म्हणजे पोर हवेच्या बंदुकीवरून पुढे सरकलं, त्याच दिवशी कानाचे नियम बदलतात. मोठ्यांचा प्लग मुलांच्या कानात बसत नाही, लहान मापाचे मिळतात ते शोधा. मफचा पट्टाही लहान डोक्यावर सैल पडतो. आणि फोटो काढायला फायरिंग लाइनच्या मागे उभे राहणाऱ्या पालकांना, बाजूला उभ्या प्रशिक्षकाला, टार्गेट लावणाऱ्या पोऱ्यालाही कान असतात. नळीच्या बाजूला उभ्या माणसाला कधीकधी नेमबाजापेक्षा जास्त बसतं. शनिवारी रात्री मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर स्पीकरशेजारी नाचून रविवारी सकाळी रेंजवर येणारी मंडळीही मी बघतो. थकलेल्या कानाला बार आणखी जड जातो.

एवढं करूनही एखाद्या दिवशी दडा बसला, किरकिर सुरू झाली किंवा एका कानानं कमी ऐकू येऊ लागलं, तर सकाळपर्यंत जाईल म्हणून वाट बघत बसू नका. शुद्ध तेल, लसूण, गरम शेक यांपैकी काही कानात नको. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तो विभाग आहे. अचानक गेलेल्या कानाला स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांत, पुढे ती संधी झपाट्यानं कमी होते. बरं वाटेपर्यंत रेंज बंद.

आणि नेमबाजी सुरू करायच्या आधी एक ऑडिओग्राम काढून ठेवा, 6000 आणि 8000 हर्ट्झ धरून. आधीचा कागद नसेल तर पुढचा खड्डा कधी पडला, हे कुणालाच सांगता येत नाही. तपासणीच्या आधी निदान चौदा तास मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर थकलेलाच कान मोजला जाईल. छापील प्रत मागून घ्या आणि शस्त्रपरवान्याच्या फाइलमध्ये लावा. परवान्याचं नूतनीकरण 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी येतं. ऑडिओग्रामला मात्र एवढी मुदत देऊ नका, दर वर्षी एक काढा आणि 4000 ची रेघ मागच्या वर्षीच्या रेघेशी लावून बघा.