पाइनचे लाकूड : पारख आणि वापर

सुतारकाम, फर्निचर आणि पॅकिंगच्या पेट्या या धंद्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत. सागवान परवडत नाही म्हणून गिऱ्हाईक आता पाइन मागते. कांडल्यासारख्या बंदरांतून येणारे न्यूझीलंडचे पाइन स्वस्त असते, कापायलाही सोपे असते. पण पारख न करता घेतले की नफा तक्रारी निस्तरण्यात जातो. म्हणून काही गोष्टी येथे देत आहोत.

ओळख : फळीचे टोक धारदार पटाशीने साफ तासून ओले करावे व भिंगातून पाहावे. सागवानात वलयावर छिद्रांची रांग दिसते. पाइनमध्ये ती नसते, राळेचे तुरळक ठिपके असतात. देवदारातही छिद्रे नसतात, पण त्याचा सुगंध उग्र व रंग अधिक तपकिरी असतो. सुके पाइन घनफुटाला साधारण 14 किलो भरते, सागवान 18 किलोच्या आसपास.

ओलावा : निळसर डाग म्हणजे बुरशी. तिने ताकद फारशी घटत नाही, पण लाकूड बराच काळ ओले राहिल्याची ती खूण आहे. पॅकिंगच्या लाकडावरील गव्हाच्या लोंबीच्या शिक्क्यात 'एचटी' असेल तर ते आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवलेले असते. त्याने त्या वेळची कीड मरते. लाकूड सुकले किंवा पुढे वाळवी लागणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात. एक तुकडा दर आठवड्याला तोलावा. वजन उतरायचे थांबले की माल कामाला घ्यावा.

काम : टोकाजवळ खिळा ठोकण्यापूर्वी छिद्र पाडावे, नाहीतर फळी चिरते. गाठीतून राळ झिरपून रंगावर पिवळा डाग येतो, म्हणून गाठीवर आधी स्पिरिटमधील चपड्याचे दोन हात द्यावेत. घरातील कामाला बोरॅक्स व बोरिक पावडरचे द्रावण वाळवीपासून संरक्षण देते. पावसात भिजणाऱ्या चौकटीसाठी ते उपयोगाचे नाही, कारण ते धुऊन जाते. तेथे कारखान्यात दाबाखाली औषध भरलेले लाकूडच घ्यावे.

सचोटी : पाइनला गडद रंग देऊन सागवान म्हणून खपवण्याचा मोह काहींना होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पाऊस पडला होता, असे विक्रेत्याने सांगितले. तरीही भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला हवे होते, असे प्रेषितांनी त्याला बजावले. वरून कोरडी, आतून ओली फळी विकणाऱ्यालाही हेच लागू आहे. बिलावर 'पाइन' असेच लिहावे आणि गाठ व डाग गिऱ्हाईकाला आधी दाखवावेत. रोजीतील बरकत त्यातच आहे.