जेल आक्रसतं ते नक्की कशामुळे?

डायपरमधली पांढरी पूड म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट. शुद्ध पाण्यात ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिते. साखळीवर ऋणभार पक्के बसलेले, त्यांचे जोडीदार सोडियम आयन मात्र सुटे. पण भारांचा समतोल राखायचा असल्यामुळे त्यांना जेल सोडून जाता येत नाही. ही कोंडलेली गर्दी पाणी आत ओढते आणि जेल फुगतं.

आता हे फुगलेलं जेल सीटॅबच्या, म्हणजे सेटिल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइडच्या, विरळ द्रावणात ठेवा. जेल आक्रसून घट्ट होतं. सीटॅबचं डोकं धनभारित, शेपूट सोळा कार्बनचं. "विरुद्ध भार आकर्षतात, सर" एवढं सांगून आपण वायव्हातून सुटतो. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. बारा कार्बनवाला डीटॅब घ्या. डोकं तेच, भार तोच. तरी त्याचं द्रावण बरंच तीव्र लागतं. म्हणजे यात शेपटाचा हात आहे!

शेपटांना पाणी नकोसं, म्हणून ती एकत्र येऊन मायसेल बनवतात. साध्या पाण्यात सीटॅबला त्यासाठी सुमारे 0.9 मिलिमोलर तीव्रता लागते. जेलमध्ये त्याच्या कितीतरी कमी पुरते. पाण्यातल्या मायसेलभोवती ब्रोमाइड आयनांना अडकून पडावं लागतं, म्हणजे एन्ट्रॉपीचा तोटा. जेलमध्ये ती ड्यूटी साखळी करते, आणि वर कोंडलेले सोडियम आयन बाहेर मोकळे सुटतात. गर्दी गेली की पाणी धरून ठेवणार कोण?

ताळा पाहायचा तर मीठ घाला. भरपूर मिठात ही पकड सैल होते. बाहेरच सोडियमची जत्रा भरली असेल तर बाहेर पडण्यात नफा कसला?

आक्रसणं सुरू होतं बाहेरून. आधी दाट साल बनते, आतला गाभा फुगलेलाच राहतो. पुढच्या रेणूंना सालीतून वाट काढावी लागते, म्हणून मण्याचा व्यास दुप्पट केला तर वेळ साधारण चौपट लागतो. घाई असेल तर मणी बारीक घ्यावा.

होक्काइदो विद्यापीठातल्या योशिहितो ओसादा आणि सहकाऱ्यांनी 1992 साली अशाच प्रकारे जेलची पट्टी चक्क चालवून दाखवली. दातेरी दांडीला ती आकड्यांनी टांगलेली. वीजक्षेत्र लावलं की सर्फॅक्टंट एका बाजूला चिकटतो, ती बाजू आक्रसते, पट्टी वाकते. दिशा उलटवली की सरळ होते. अशी वाकत, सरळ होत ती अळीसारखी द्रावणातून पुढे सरकली. मोटर नाही, गिअर नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, वाचताय ना?