बटण उशिरा, उडी गाडीची

मूर्तिजापूरहून अकोल्याला अप-डाऊन करणारी माझी अकरावीची पोरं गाडीतच प्रयोग करायची. रुळालगतचे किलोमीटरचे दगड, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि वही. वेग छान निघायचा. मग त्वरण काढायची हौस आली आणि जास्त नोंदी मिळाव्यात म्हणून त्यांनी दगड सोडून विजेचे खांब धरले. उत्तर पाहून एकजण म्हणाला, "सर, गाडीनं तं उडीच मारली ना जी!"

गाडी बिचारी एकाच चालीनं चालली होती. समजा, वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. खांब ५० मीटरवर असतील तर दर दोन सेकंदांनी एक येणार. मधल्या खांबाला बोट ०.२ सेकंद उशिरा पडलं, की पहिला टप्पा २.२ सेकंदांचा होतो आणि पुढचा १.८ चा. वेग आधी २२.७, मग २७.८. दोन सेकंदांत पाच मीटरची वाढ, त्वरण २.५! मुंबईची लोकलसुद्धा याच्या निम्म्यानं वेग घेत नाही. एकच उशीर एक वेग खाली ओढतो, दुसरा वर ढकलतो, आणि त्वरण तर त्या दोघांच्या फरकावरच उभं असतं.

हाच ०.२ सेकंदांचा उशीर किलोमीटरच्या दगडांवर झाला तर खोटं त्वरण जेमतेम ०.००६ येतं. अंतर वीसपट, चूक चारशेपट कमी. नोंदी वाढवल्या की अचूकता वाढते, हा समज इथं पार उलटतो.

तेव्हा त्वरण हवं असेल तर टप्पे लांब घ्या. घड्याळ दर दगडाला शून्यावर आणू नका. ते चालू ठेवून 'लॅप' दाबा, वजाबाकी नंतर करा. दर वेळी सारखाच उशीर होत असेल तर घाबरायचं कारण नाही, तो वजाबाकीत जातो. नडतो तो कमी-जास्त होणारा उशीर, म्हणून बटण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पोरानं दाबावं (आणि त्या वेळी त्याच्याशी कुणी गप्पा मारू नयेत). स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण बोट तेवढं नेमकं नसतं. ते शेवटचे आकडे उत्तरात मिरवू नका.

एक टप्पा लांब आणि लगेच पुढचा तेवढाच आखूड दिसला, तर आधी मधल्या नोंदीवर संशय घ्या. खांबच मोजायचे असतील तर खिडकीतून व्हिडिओ काढा, हात आतच ठेवून. सेकंदाला ३० चित्रं टिपणाऱ्या मोबाइलमध्ये खांब कोणत्या चित्रात आला ते सावकाश पाहता येतं.